गारा, राख आणि काच

दिवाळीच्या तोंडावर भिंती पोतारण्याचे काम खानदेशातल्या खेड्यांतून एके काळी घरोघर चाले. सिमेंटची घरे आली, चुन्याच्या जागी तऱ्हेतऱ्हेचे रंग आले आणि ते काम पुष्कळ ठिकाणी बंद पडले. पण जुन्या भिंती अजून उभ्या आहेत. धुळ्याहून साक्रीकडे किंवा जळगावाहून यावलकडे जाताना एखाद्या गावात पावसाने खरवडलेली मातीची भिंत दिसली, तर वाचकांनी जरा थांबून तिच्याकडे निरखून पाहावे. वरची माती वाहून गेलेली असते आणि आतून गव्हाच्या भुशाच्या पिवळ्या काड्या डोकावत असतात. आज मला ज्या नव्या पदार्थाची हकिकत सांगायची आहे, तिचा आरंभ या काड्यांपासून होतो.

तो नवा पदार्थ म्हणजे काम झाल्यावर मातीत मिसळून जाईल असे प्लॅस्टिक, आणि त्याला बळ यावे म्हणून त्यात घातलेली काचेची बारीक भर. हा पदार्थ वजनाला हलका हवा, टिकाऊ हवा आणि शेवटी नाहीसाही व्हायला हवा! एकाच जावयात इतके गुण शोधणाऱ्या सासऱ्याची जी गत होते, तीच या पदार्थाच्या मागे लागलेल्या शास्त्रज्ञांची झाली आहे. रसायनशास्त्राची पदवी माझ्या नावापुढे नाही. मी शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु या प्रश्नाशी आमच्या मुलखाचा इतका निकटचा संबंध आहे, की त्याविषयी गप्प बसणेही कठीण.

आधी गाऱ्याचे पाहू. नुसत्या मातीची भिंत घातली तर ती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. नुसत्या भुशाची तर भिंतच होत नाही. म्हणून खड्ड्यात माती, भुसा, शेण आणि पाणी एकत्र करीत, चार-आठ दिवस मुरू देत, आणि मग माणसे किंवा बैल घालून तो गारा तुडवीत. ओझे मातीने सोसायचे आणि ताण काडीने, अशी ही वाटणी. मुरण्याचे ते दिवस फार महत्त्वाचे. न मुरलेल्या गाऱ्यातली काडी मातीला धरीत नाही, ओढली की सुटून येते. मातीची जात कशी, काडी किती लांब, हे प्रश्न आहेतच. पण काडी आणि माती यांची एकमेकांवरची पकड कशी आहे, यावर त्या भिंतीचे सारे आयुष्य अवलंबून असते. आजचे शास्त्र अशा पदार्थाला ‘संमिश्र’ म्हणते. नाव नवे आहे, इतकेच.

याच विद्येचा फार मोठा नमुना जळगावापासून साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याची लेणी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे असली तरी आम्ही खानदेशी लोक ती आमचीच समजतो. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडली आणि जगाला ठाऊक झाली. तिथली चित्रे पाहायला लोक येतात, चित्राखालचा गिलावा पाहायला कोणी येत नाही. पण चित्रे टिकली ती त्या गिलाव्याच्या जिवावर. काळ्या फत्तराची झीज होऊन झालेली माती, तीत वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस, बारीक वाळू; आधी जाड थर, वर तलम थर आणि त्यावर पांढरा हात. मी एकदा शाळेची मुले घेऊन गेलो होतो. सारी मुले पद्मपाणीकडे पाहत असताना आमच्यातला एक शेतकऱ्याचा पोरगा कोपऱ्यातल्या फुटक्या गिलाव्याकडे बोट दाखवून म्हणाला, “गुरुजी, आमना घरनी भीत बी अशीच से!” त्या दिवशी सर्वांत चांगले निरीक्षण त्याचेच होते.

या गिलाव्याला एक शत्रू आहे. काडी आणि तूस हे किड्यांचे खाद्य. २०१६ साली राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई या संशोधकांनी वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेरूळच्या मातीत त्यांना भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. तिथला गिलावा किड्यांपासून बराच वाचला. अजिंठ्यात भांग नाही, आणि किड्यांनी तिथल्या निदान चौथ्या हिश्श्याच्या चित्रांची हानी केली असे त्यांचे म्हणणे. म्हणजे जो पदार्थ मातीत जिरून जाऊ शकतो, तो नको त्या वेळीही जिरू लागतो! आपल्या विषयातली सारी अडचण या एका गोष्टीत भरलेली आहे. कुजणारी वस्तू आपल्याला हवी आहे, पण ती आपण म्हणू तेव्हा कुजायला हवी.

आता धुळ्याकडे वळू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे स्थापन झाले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमविलेल्या कागदांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? आपण त्यांतला मजकूर वाचतो. आज जरा कागदाकडे पाहू. गिरणीचा कागद येण्यापूर्वी आपल्याकडे हातकागद होई. चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून, त्यांचा लगदा पाण्यात कालवून चाळणीवर ताव उचलीत. आमच्याकडे एरंडोल आणि यावल ही गावे जाड्याभरड्या देशी कागदासाठी एके काळी नावाजलेली होती. एरंडोलचा धंदा तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत थोडाबहुत तग धरून होता.

पण तसाच ताव लिहायला चालत नसे. शाई टेकताच पसरायची. म्हणून त्याला खळ लावीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. तंतूंच्या अंगावर पिष्टाचा पातळ थर बसे; त्यामुळे पाणी आत शिरेना, शाई जागच्या जागी राही आणि ताव मजबूत होई. वाचकहो, हे खळ देणे नीट लक्षात ठेवावे. पदार्थ तोच, पण त्याच्या अंगावर केलेल्या संस्काराने त्याचा स्वभाव बदलतो. पुढे अमेरिकेत काचेच्या धाग्यावर जो संस्कार झाला, तो जातीने याच घराण्यातला.

काच ही आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याची वस्तू. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून तो फंड उभा केला होता. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. पुढे त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या दोन पिढ्या शिकल्या. तेव्हाची काच म्हणजे चिमण्या, बरण्या, बांगड्या. काच हातातून पडली की फुटायची, हा तिचा धर्मच समजला जाई. तिचा धागा काढला तर तो पोलादाशी बरोबरी करील, असे त्या काळी कोणी सांगते तर लोक हसले असते.

तो धागा सापडला तो अपघाताने. १९३२ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण काचेच्या दोन विटा सांधण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाखालच्या हवेचा झोत बसला आणि काचेचा पाऊस पडावा तसे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर या त्याच्या वरिष्ठाने त्याचे मोल ओळखले, आणि १९३८ साली काचतंतूंसाठी स्वतंत्र कंपनीच उभी राहिली. काच जाड असताना तिच्या अंगावर बारीक ओरखडे असतात आणि ती तिथून तडकते. केसाहून बारीक धाग्यात अशा खोटीला जागाच थोडी उरते, म्हणून धागा बळकट. लगोलग दुसरे महायुद्ध आले. विमानांवरच्या रडारला झाकण हवे होते, आणि ते धातूचे चालत नव्हते, कारण धातू लहरी अडवतो. मग काचेचे कापड पॉलिएस्टरच्या राळेत भिजवून झाकणे केली. हा आमचाच गारा; भुशाच्या जागी काच आणि मातीच्या जागी राळ.

कोरडे असेतो सारे ठीक होते. दमट हवेत मात्र त्या झाकणांचे बळ झपाट्याने उतरे. काचेला पाण्याचे प्रेम आणि राळेला तेलकटपणाचे. ओल हळूच दोघांच्या मधल्या फटीत शिरे आणि त्यांचा काडीमोड करी. गारा मुरला नव्हता! यावर तोड निघाली ती ‘सिलेन’ नावाच्या द्रव्यांची. या द्रव्याच्या रेणूला जणू दोन हात असतात. एका हाताने तो काच घट्ट धरतो आणि दुसऱ्या हाताने राळ. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या राल्फ विट यांनी १९४७ साली अमेरिकी नौदलाला एक गुप्त अहवाल दिला. त्यात योग्य सिलेन लावलेल्या काचेच्या संमिश्राचे बळ, भलते सिलेन लावलेल्याच्या दुप्पट भरल्याचे नमूद होते. भर तीच आणि राळही तीच. फरक होता तो काचेच्या अंगावरच्या अदृश्य लेपाचा. मला या साऱ्या इतिहासातले हे पान सर्वांत रोचक वाटते. वास्तविक शाळेच्या पुस्तकांतून ते मुलांना सांगायला हवे. पण तिथे प्लॅस्टिकविषयी असतो तो शाप-वरदानाचा निबंध!

नळ्या, बोटी, पाण्याच्या टाक्या यांच्या रूपाने हा नवा गारा मग घरोघर आला. आमच्या जळगावाने प्लॅस्टिकचा धंदा पुढे अंगीच लावून घेतला. अजिंठ्याच्या वाटेवरच्या वाकोद गावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली जळगावात व्यापाराला आरंभ केला, आणि १९८० साली त्यांच्याकडे पी. व्ही. सी. नळ निघू लागले. ठिबक आले ते त्यानंतर. नळाच्या प्लॅस्टिकात चुनखडीची भुकटी भर म्हणून घालतात, आणि ती नीट मिसळावी म्हणून तिच्या कणांना आधी स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे मेणबत्तीच्या कारखान्यातल्या स्निग्धाम्लाचा, पातळ हात देतात. एरंडोलच्या कागदाला खळ, तशी इथे चुनखडीला चरबी. विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागातही अतिसूक्ष्म चुनखडीची भर प्लॅस्टिकात घालण्याचे प्रयोग झाले आहेत. १९९० साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ पासून आमच्या बहिणाबाईंचे नाव आहे. शिवाय जळगावची चटई! पोकळ प्लॅस्टिकच्या काड्या विणून केलेली ही रंगीत चटई देशभर जाते, आणि तिच्यासाठी भंगारातले जुने प्लॅस्टिक पुन्हा वितळवून वापरतात. ज्या भंगारवाल्याला आपण दारातून हाकलतो, त्याचा हा उपकार.

काचेची भर मात्र जड असते. पाण्याच्या अडीचपट तिचे वजन. प्लॅस्टिक हलके म्हणून घ्यायचे आणि त्यात काच घालून ते जड करायचे, हा उफराटा व्यवहार झाला. यावरची युक्ती पाहायला भुसावळला जावे लागते. तिथे तापीकाठच्या भागात दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आहे. दिवाळीच्या अंकात या नावाचा उल्लेख करताना आनंद वाटतो, पण दिव्याखाली अंधार असतो तशी या दीपनगराखाली राख आहे. आपल्या देशी कोळशात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक राख निघते. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत कोळशातली माती वितळते आणि धुराबरोबर वर जाता जाता तिचे थेंब थंड होऊन काचेचे बारीक गोळे बनतात. काहींच्या पोटात वायू अडकतो आणि ते पोकळ राहतात. राख पाण्याबरोबर तळ्यात सोडली की जड राख तळाशी बसते आणि हे पोकळ गोळे दुधावरच्या साईसारखे वर तरंगतात. शेकड्यात एखाददुसरा हिस्साच, पण लाखमोलाचा. ते गोळून, धुऊन, सुकवून, सिलेनचा हात देऊन प्लॅस्टिकात घातले की वस्तू हलकीही होते आणि ताठही राहते. कारखान्यांतून असे पोकळ काचगोळे मुद्दाम तयारही करतात. त्यांतले काही तर पाण्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही हलके असतात.

राखेविषयी आमच्याकडे लोकांच्या तक्रारी पुष्कळ, आणि त्या खोट्याही नाहीत. वाऱ्याच्या दिवसांत ती पिकावर बसते, डोळ्यांत जाते. वीज केंद्रांभोवतीच्या वीटभट्ट्यांनी तिचा वापर करावा असा केंद्र सरकारचा हुकूम १९९९ साली निघाला, आणि राखेच्या विटा आता सर्रास दिसतात. पण त्या ढिगात काचेचे पोकळ मोती आहेत, हे तिथल्या किती लोकांना ठाऊक असेल?

आता राहिला कुजण्याचा भाग. कुजणारे प्लॅस्टिक ही कल्पना नवी नव्हे. १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मोरीस लेमोइन्य यांना एका जंतूच्या पोटातच प्लॅस्टिकसारखा पदार्थ आढळला. जंतू तो अडीअडचणीसाठी चरबीसारखा साठवून ठेवतो. १९३२ साली, पुढे नायलॉन शोधणाऱ्या कॅरदर्स यांनी दुधाच्या आंबटपणातले जे लॅक्टिक आम्ल, त्याच्या कणांची साखळी करून पाहिली. ती दुबळी निघाली आणि मागे पडली. मग शस्त्रवैद्यांनी या कुळातल्या पदार्थांना वर आणले. १९७० च्या सुमारास शरीरात आपोआप विरघळणारे टाके बाजारात आले. २००२ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का प्रांतात मक्याच्या साखरेपासून पॉलिलॅक्टिक आम्ल करण्याचा वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार टनांचा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ साली जेजुरीला या जातीच्या जैवप्लॅस्टिकाचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला. खंडोबाच्या भंडाऱ्याशेजारी आता हाही एक भंडारा!

परंतु हा पदार्थ ठिसूळ आहे, आणि साठ अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. वैशाखात भुसावळच्या उन्हात उभी असलेली बंद मालमोटार आठवा, म्हणजे या अडचणीचे गांभीर्य कळेल. काचेची भर घातली की तो ताठ होतो आणि आकार धरून राहतो. पण इथे जुनाच शत्रू नव्या वेषात येतो. या प्लॅस्टिकची साखळी पाण्यानेच तुटते. तेच त्याच्या कुजण्याचे पहिले पाऊल, मग जंतू त्याचे तुकडे खातात. म्हणजे काच आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्यात ओल शिरू नये म्हणून सिलेन लावायचे, आणि शेवटी त्याच ओलीने प्लॅस्टिकचा निकाल लावावा अशीही अपेक्षा धरायची. रडारच्या झाकणांचा सांधा जन्मभर टिकायचा होता. हा टिकायचा आहे तो ठरावीक मुदतीपुरता, आणि म्हणूनच तो साधणे अधिक अवघड.

‘जैवविघटनशील’ हा लांबलचक शब्द छापलेली पिशवी हाती आली की आपण निश्चिंत होतो. माझ्या मते इतके निश्चिंत होऊ नये. पॉलिलॅक्टिक आम्ल लवकर कुजते ते मोठ्या खतकारखान्यात, अठ्ठावन्न-साठ अंशांची ऊब आणि भरपूर ओल असेल तेव्हा. साध्या मातीत ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. आमच्या खानदेशात ऊन काय कमी आहे, असे कोणी म्हणेल. पण आमची ऊब येते ती कोरडी, आणि पाऊस येतो तेव्हा ती निघून गेलेली असते. दोघांची गाठ पडते ती उकिरड्याच्या पोटात. आत टाकलेली काच कुजत नाही, हेही खरे. ती वाळूसारखी मातीत राहते. त्याचे मला फारसे भय वाटत नाही. काच मुळात वाळूचीच लेक, ती माहेरी गेली असे समजू. फॉस्फेटची काच तर पाण्यात हळूहळू विरघळतेही. मोडलेल्या हाडासाठी तशी काच घातलेल्या जिरणाऱ्या पट्ट्यांवर शास्त्रज्ञांचे प्रयोग चालू आहेत.

भय वाटते ते शेताचे. कापसाच्या आणि केळीच्या वावरात मल्चिंग पेपर अंथरतात. ओल टिकते, तण होत नाही, सारे खरे. पण हंगाम सरला की त्याच्या चिंध्या होतात. काही गोळा होतात, काही नांगराखाली जातात. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीचा हुकूम काढला. तो पिशव्या, पेले, ताटल्यांसाठी होता. नांगराखाली गेलेल्या चिंधीला कोण पकडणार? पिढ्यान् पिढ्या भुसा, शेण आणि पालापाचोळा पचविणाऱ्या या काळ्या जमिनीला प्रथमच न पचणारा घास भरवला जात आहे. काम होईतो टिकून मग खरोखर जिरेल असा मल्चिंग पेपर स्वस्तात मिळाला, तर रावेर-यावलचा शेतकरी तो पहिल्या दिवशी उचलील. त्याला पर्यावरणाचे व्याख्यान लागणार नाही. चिंध्या वेचायची मजुरी किती पडते हे त्याला पक्के ठाऊक आहे.

आणि कच्चा माल दूर नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मान मिळाला तो घडाला. घड उतरला की उभा खांब कापून बांधावर टाकतात. त्या खांबात चिवट धागा असतो. तो काढण्याची यंत्रे निघाली आहेत, आणि प्लॅस्टिकमध्ये काचेच्या जोडीला असा धागा घालण्याचे प्रयोग देशोदेशी चालू आहेत. त्यालाही अंगावर संस्कार लागतो, कारण तोही पाण्याचा लोभी. त्याला सौम्य कॉस्टिकच्या पाण्यात भिजवतात, धुतात आणि वाळवतात. एरंडोलच्या कागद्याला हे काम दाखवले असते, तर त्याने बाह्या सरसावून सरळ लगद्यात हात घातला असता.